दोन वॉट

एस्को लेहतोने कानांवरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले, तरी रेडिओवरचे क्लॅरेन्सचे ठोके ऐकू येतच होते. त्याने आवाजाचं बटण मागे फिरवलं. अजून थोडं मागे फिरवलं. ठोके तसेच खणखणीत. शेजारच्या खोलीत बसून कुणी चमचा आपटत असावं तसे.

बाहेर साईमी भिंतीलगत बर्चची लाकडं रचत होती. ओंडक्यावर ओंडका पडल्याचा आवाज आणि क्लॅरेन्सचा आवाज, दोन्ही सारख्याच जोराने येत होते, आणि हे काही बरोबर नव्हतं. क्लॅरेन्स पेनहेल राहायचा चाळीस मैलांवर, सुपीरियर सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या पार टोकाला. त्याचा रेडिओ एस्कोच्या रेडिओसारखाच, बिस्किटांच्या डब्यात मावणारा, दोन वॉटचा. दोन वॉटवर जेमतेम विजेरी पेटते. तीस वर्षं क्लॅरेन्सचे ठोके यायचे ते धुक्यातून कुणी हाक मारावी तसे, मध्येच स्पष्ट, मध्येच बुडालेले. कान लावून ते वेचून काढायचे, यातच सकाळची सारी गंमत होती. रेडिओ दुरुस्तीला टाकलाय असं पत्राने कळवून तो ऑगस्टपासून गप्प होता, आणि परत आला तो हा असा.

असे पाच म्हातारे होते. न्याहारी उरकली की पाचही जण आपापल्या कोपऱ्यात बसत आणि मोर्सच्या ठोक्यांनी एकमेकांची विचारपूस करत. एस्कोचा कोपरा म्हणजे अंगणातल्या सौनाची, वाफेच्या न्हाणीघराची, बाहेरची कपडे बदलायची खोली. पाच वॉटच्या वर कुणी जायचं नाही, एवढा एकच नियम होता आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायला कुणी येत नसे. हजार वॉट फेकणारी यंत्रं दुकानात मिळतात. पैसे टाकावेत, आणावं, जोडावं आणि जगभर ओरडत सुटावं. म्हणूनच तर ते न जोडण्याला किंमत होती. दोन वॉट सांगितले की दोन वॉट. माणसाचा शब्द.

आपली पाळी आल्यावर एस्कोने विचारलं, पॉवर किती लावली आहेस?

नेहमीचीच, असं क्लॅरेन्सने कळवलं. दोन वॉट. नेहमीचंच टेबल, नेहमीची खिडकी.

"टेबलाचं कुणी विचारलं होतं?" एस्को पुटपुटला.

दुपारी खिडक्यांना थंडीच्या जादा काचा बसवताना त्याने साईमीला हे सांगितलं. ती खालून शिडी धरून उभी होती. क्लॅरेन्स असं काही करणार नाही, एवढंच ती म्हणाली. एस्कोला वाटलं, जरा जास्तच चटकन म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"स्क्रू सरळ लाव. गेल्या वर्षी हीच खिडकी रात्रभर वाजत होती."

संध्याकाळी त्याने क्लॅरेन्सच्या घरी फोन लावला. नुसती घंटा वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्याने बर्टिलला फोन केला. बर्टिल हा पाचांमधला स्वीडिश, राहायला पश्चिमेला, बराच लांब. त्याच्याकडे क्लॅरेन्स नेहमीसारखाच येत होता, उलट आवाज किंचित बारीकच होता. एस्कोने ते ऐकलं आणि सोडून दिलं. संशयाला जे हवं असतं तेवढंच ऐकू येतं. क्लॅरेन्सने मोठं यंत्र घेतलंय, असं त्याने बर्टिलला सांगितलं. बर्टिलने ते बाकीच्या दोघांपर्यंत पोचवलं. एस्को उगाच कुणाचं नाव घेणारा माणूस नव्हता, आणि बर्टिलला हे ठाऊक होतं.

त्यानंतर दर सकाळी क्लॅरेन्सला मिळणारी उत्तरं आखूड होत गेली. ऐकलं, ठीक आहे, पुन्हा भेटू. थांबून कुणी त्याच्या सफरचंदांची चौकशी करेना. एस्कोला वाईट वाटलं नाही. उलट अंगणातली पानं गोळा करताना तो मनातल्या मनात जुन्या गोष्टी तपासू लागला. तीन वर्षांपूर्वी क्लॅरेन्सने म्हणे रेडिओवर न्यूझीलंड गाठलं होतं. दोन वॉटवर! तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या.

मग एका रात्री उत्तरेचं आकाश हिरवं-तांबडं होऊन लवलवत राहिलं, आणि सकाळी रेडिओत काहीच उरलं नव्हतं. ध्रुवप्रकाशानंतर असं होतं. आकाश आवाज परत फेकत नाही, गिळून टाकतं. बर्टिल नाही, बाकीचे दोघे नाहीत. कानात नुसता कढईत काही तळल्यासारखा आवाज.

आणि त्यात क्लॅरेन्स. स्वच्छ, ठणठणीत, एकटाच हाका मारत होता.

एस्कोने उत्तर दिलं नाही. मेलेल्या आकाशातून हजार वॉटही असे येत नाहीत. याचा अर्थ हा आवाज आकाशातून येतच नव्हता. जमिनीवरून येत होता, अगदी जवळून. क्लॅरेन्स याच गावात होता. मैलभरावर, फार तर दोन मैलांवर.

मग तो टेबलाचं खोटं का बोलला?

खिडकीतून त्याला साईमी दिसली. ती मोटारीत बसत होती. पायाशी कापडी पिशवी, तिच्यावर टॉवेल झाकलेला, म्हणजे आत काहीतरी गरम असणार. चर्चच्या तळघरात पॅस्ट्या भरायच्या आहेत, असं सांगून ती हल्ली रोज सकाळी जायची. पॅस्टी म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरलेली जाडजूड करंजी, इंग्लंडहून आलेल्या कॉर्निश खाणकामगारांनी इथे आणलेली. चर्चमध्ये त्या विक्रीसाठी होतात आणि त्याही गुरुवारी. एस्कोला हे चांगलं माहीत होतं, दर गुरुवारी तो स्वतःच तर आणायला जात होता. आज सोमवार होता.

तो रेडिओ बंद करून बसून राहिला. लग्नाआधी उन्हाळ्यातल्या एका नाचात साईमी सगळा वेळ क्लॅरेन्सबरोबर नाचली होती. ही गोष्ट क्लॅरेन्सच दरवर्षी चारचौघांत सांगायचा, आणि सगळे हसायचे. एस्कोही हसायचा. त्या दिवशी जेवताना त्याने ताट अर्धंच संपवलं. साईमीने दोनदा विचारलं, पोट बरं नाही का? त्याने दुसऱ्यांदा मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते त्यालाच कळलं नाही.

मंगळवारी ती गेली आणि तिच्या मागोमाग तोही निघाला. गळ्यात छोटा रेडिओ, हातात तारेचं कडं. पूर्वी क्लबची मंडळी कुणीतरी जंगलात लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा खेळ खेळत, तेव्हाचं ते कडं होतं. ते फिरवत राहायचं, आवाज जिथे बुडतो त्या बाजूला तोंड करायचं आणि चालायला लागायचं.

क्लॅरेन्स सुरू झालाच होता. कड्याने टेकडीची बाजू दाखवली. एस्को शाळेवरून गेला, सहकारी दुकानावरून गेला. रस्त्याच्या कडेला पानांचे ढीग ओले होऊन बसले होते. दुकानातली आयली पानं झाडता झाडता थांबली.

"काय हरवलं, एस्को?"

"बघतोय," तो म्हणाला आणि पुढे गेला.

टेकडीवर एकच मोठी इमारत होती, जिथे म्हाताऱ्यांची देखभाल होते ती. तिच्या मागच्या अंगणात मोटारी उभ्या होत्या आणि त्यांत तिसरी साईमीची होती. शेजारच्या मेपलची पानं जवळजवळ झडून गेली होती, म्हणून फांदीवरून तळमजल्याच्या खिडकीत उतरलेली बारीक तार स्पष्ट दिसत होती. एस्कोने कडं खाली धरलं. आता त्याची गरज नव्हती.

आत उकडलेल्या कोबीचा वास होता. त्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. क्लॅरेन्स दाराकडे पाठ करून चाकांच्या खुर्चीत बसला होता, डोक्यावर हेडफोन. त्याच्या मांडीवरचं ब्लँकेट डावीकडे पावलापर्यंत लोंबत होतं आणि उजवीकडे गुडघ्यापाशी सपाट झालं होतं. पलंगाच्या कडेला साईमी सफरचंद सोलत बसली होती.

हेडफोनमुळे सूर ऐकू येत नव्हता, पण ठोके मारायच्या दांडीची, कीची, नुसती टकटक वाचायला एस्कोला सूर लागत नसे. क्लॅरेन्स बर्टिलशी बोलत होता. सरोवर आज खवळलंय, असं तो सांगत होता. खनिजाची एक बोट टोकाला वळसा घालून आत येतेय, लाटा पार डेकवर चढताहेत. समोरच्या खिडकीतून धुण्याची खोली आणि कचऱ्याचे दोन डबे दिसत होते.

बर्टिलचं उत्तर आखूडच असावं, कारण क्लॅरेन्सने लगेच पुन्हा की दाबली. हल्ली तुम्ही सगळे लवकर जाता, त्याने विचारलं. माझं काही चुकलं का?

तो ऐकत राहिला. मग त्याने मान डोलावली, समोर कुणी असल्यासारखी, आणि कीवरचा हात उचलला.

साईमीने वर पाहिलं तेव्हा तिला दारातला एस्को दिसला. तिच्या हातातली सुरी थांबली. तिने अगदी थोडी मान हलवली, नको. एस्को दोन पावलं मागे सरला आणि आला तसा बाहेर गेला.

ती आली तेव्हा तो तिच्या मोटारीला टेकून उभा होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"ऑगस्टपासून. आम्ही चर्चच्या बायका वेलदोड्याचा पाव वाटायला आलो होतो, तर हा पलंगावर. साखर पायात उतरली होती. मुलाने घर विकून टाकलं."

"आणि ती तार?"

"मी चढवली. गोफणीने. इतकी वर्षं तुला तारा चढवताना बघतेय, मला येणार नाही?"

"मला सांगायचं होतंस."

"त्याने शब्द घेतला होता माझा. म्हणाला, एस्कोला कळलं की तो रविवारी चांगला कोट घालून भेटायला येईल आणि तिथे पलंगाशी बसून हवापाण्याचं बोलेल. रेडिओवर मी अजून माझ्या घरी आहे, तेवढं राहू दे." साईमीने पिशवी मोटारीत ठेवली. तिची नजर कड्यावर गेली. "पण तू इथवर कसा आलास? त्याच्या मागावर होतास?"

"त्याच्या."

तिने त्याच्या कानांकडे पाहिलं. एस्कोचे कान लाल झाले की ते लपत नसत.

"एस्को, तू माझ्या मागावर होतास?"

तो काचेवर चिकटलेलं एक पान नखाने सोडवू लागला. साईमी हसायला लागली. हसता हसता तिला मोटारीचं दार धरावं लागलं.

"बहात्तराव्या वर्षी," ती म्हणाली. "आणि तेही एका पायाच्या माणसाबरोबर. पॅस्टीत गाजर घालणाऱ्या कॉर्निश माणसाबरोबर!"

"सलगमच घालायचं असतं," एस्को म्हणाला.

तिने डोळे पुसले. मग तिचं हसू हळूहळू गेलं.

"गेला आठवडाभर तो रोज मला विचारतोय. म्हणतो, साईमी, माझा हात बिघडलाय का? लोकांना माझं मोर्स कळत नाही का? मी काय सांगणार, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." तिने थेट त्याच्याकडे पाहिलं. "तू काही बोलला होतास का कुणाला?"

एस्कोने कडं मागच्या सीटवर ठेवलं आणि तिच्या शेजारी बसला. मोटार टेकडी उतरून घराकडे निघाली. फाटकाशी आल्यावर तिने त्याच्या गुडघ्यावर एकदा थोपटलं आणि लाकडं आत आणायला निघून गेली.

संध्याकाळी त्याने बर्टिलला फोन केला. आपल्याच एरियलचा सांधा गंजला होता, असं त्याने सांगितलं, आपलाच रेडिओ वेड्यासारखा ओरडत होता. क्लॅरेन्सचं काही नाही. त्याचे दोन वॉट दोनच आहेत. बाकीच्या दोघांनाही सांग.

"मी म्हणतच होतो," बर्टिल म्हणाला. "माझ्याकडे तो बारीकच येतो. तुला म्हातारपण आलं, एस्को. सांधे तपासत जा. तारांचे आणि स्वतःचेही."

"तपासतो."

त्याने फोन जागेवर ठेवला. आयुष्यात कुणाला खोटा आकडा न दिलेला माणूस होता तो. ऐकू येतं त्याहून एक तसूही चांगलं किंवा वाईट त्याने कधी कळवलं नव्हतं, आणि याचा त्याला अभिमान होता.

सकाळी बर्फाची पहिली भुरभुर झाली. सौनाच्या बाहेरच्या खोलीत त्याने शेगडी पेटवली आणि रेडिओ लावला. पाचही जण होते. बर्टिलने आज क्लॅरेन्सला सफरचंदांबद्दल विचारलं, मग त्याच्या मधमाश्यांबद्दल विचारलं, आणि क्लॅरेन्सने दोन्हींची लांबलचक उत्तरं दिली. ठोके सगळ्या खोलीत घुमत होते.

मग एस्कोची पाळी आली. माझा सिग्नल कसा येतोय, क्लॅरेन्सने विचारलं.

एस्कोने बोटं एकदा चोळली आणि कीवर ठेवली.

फार बारीक, त्याने कळवलं. मध्येच बुडतोस. कान लावावा लागतो. चाळीस मैल म्हणजे काही थोडं नाही.

शेगडीतलं लाकूड तडतडलं. बऱ्याच वेळाने ठोके आले, नेहमीपेक्षा सावकाश.

रिपोर्टबद्दल आभार, एस्को.

सरोवर काय म्हणतंय, एस्कोने विचारलं. आज बोट दिसते का कुठली?

थांब, क्लॅरेन्स म्हणाला. खिडकीतून बघून सांगतो.

एस्कोने कीवरचा हात काढून घेतला आणि वाट बघत बसला.