वैशाखात मोजलेलं बेट

साहेब, बेट नदीनं बुडवलं नाही, तुमच्या सहीनं बुडवलं. तुम्ही ते मोजलंत वैशाखात, नदी आटलेली असताना. वाळू धरलीत, गाळ धरलात, कोरडं पात्रसुद्धा धरलंत, आणि कागदावर लिहिलंत चाळीस बिघे. पावसाळ्यात तिथं पंधराही उरत नाहीत, हे कोणी सांगितलं नाही असं म्हणू नका. बेटावरच्या सारजाबाईनं तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा माझ्यावरच बसला होतात, वाळूत पालथ्या पडलेल्या माझ्या बुडावर, आणि पान खात होतात.

शाळकरी मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. परंड्याच्या लोहारानं जाड पत्रे जोडून मला घडवलं. शंकरप्पाच्या गुऱ्हाळावर बारा हंगाम मी जाळ सोसला. लोक गुळाची वाहवा करत, काहिलीची कोण करतो? बूड पातळ झालं तेव्हा शंकरप्पानं मला काढून टाकलं. पण जाळाला निकामी झालेलं लोखंड पाण्याला चालतं. पट्टीच्या पोहणाऱ्या जैनोद्दीननं मला सीना नदीवर नेलं. आमच्याकडं नदी अशीच उतरतात. काहिलीत माणसं बसवायची आणि पोहणाऱ्यानं पोटाला वाळके भोपळे बांधून मागून ढकलायचं. जैनोद्दीन थकल्यावर त्याचा मुलगा हनीफ ढकलू लागला.

नदीच्या मधोमध ते बेट. पलीकडं इंग्रजी मुलूख, अलीकडं आमची निजामाची मोगलाई. सुरुवातीला बेटावर पाच घरं होती. सारजाबाईचं पहिलं. धार जिकडून येते त्या टोकाला लोक बेटाचं डोकं म्हणत. तिथं करंजांची दाट राई होती आणि खाली वाळ्याचं गवत माजलेलं. वाळ्याची मुळं हातभर खोल जातात आणि माती मुठीत धरून बसतात. पूर आला की त्या डोक्यावर आपटायचा, दोन वाटांनी फाटायचा आणि निघून जायचा. पाच घरं कोरडी राहायची.

मग साहेब, तुमचा कागद आला. चाळीस बिघे बघून तुम्ही पट्टे वाटलेत. ज्यांना कुठंच जमीन नव्हती ते आले. का येऊ नये त्यांनी? पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, त्यांनाही पोरं झाली. पंधरा वर्षांत पाचाची एकतीस घरं झाली. खानेसुमारीवाले माझ्यात बसून आले आणि माणसं मोजून गेले. शिंदीच्या झाडांवर तर सरकारी नंबरच होते, कारण त्यांच्या दारूवर सरकारला कर मिळायचा. करंज कोणी मोजले नाहीत. पूर्वी मी बेटावरून सरपण बाहेर न्यायची. आता काठावरून बेटावर सरपण नेऊ लागले. यावरून काय समजायचं ते समजा.

नसीमबी सुईण आठवड्यातून दोनदा माझ्यात बसायची. एकदा म्हणाली, "हनीफ, मला बेटावरच एक झोपडी दे बाबा. एकीची सुटका करून काठावर येतीय तवर दुसरीच्या कळा सुरू!"

"झोपडीला जागा कुठंय चाची? हुबं राह्यापुरती असंल तर बघतो."

हसत होते दोघं. मला हसू येत नव्हतं.

आणि साहेब, तुमच्या कचेरीला उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लागतात. पाणी शिंपडलं की गार वारा येतो, वास येतो. ती मुळं आमच्या बेटाची. व्यापारी मागायचा, लोक खणायचे, आणि गठ्ठे मी वाहायची. हो, मीसुद्धा. स्वतःला वगळून बोलायची मला सवय नाही.

एका मार्गशीर्षात बब्रुवान असाच गठ्ठे घेऊन बसला. बेटावर त्याचा शब्द चालायचा. समोर सारजाबाई होती, तुमच्या कचेरीला निघालेली.

"बब्रू, हे कुठलं खणलंस?"

"मधलं हाय काकू. डोक्याला हात लावला न्हाय."

"अजून न्हाय."

"मग काय करू? तीन पोरं लग्नाची हायती. त्यांच्या चुली काय तुमच्या करंजाच्या फांदीवर मांडू?"

"मांड की. पुरात वर तरी राहतील."

हनीफ पोहता पोहता हसला आणि त्याच्या नाकात पाणी गेलं.

"हनीफभाई, दात काढू नका, ढकला," बब्रुवान खेकसला. मग हळू म्हणाला, "तुमचं खरं हाय काकू. पर पोरांना काय सांगू? जल्मालाच यायचं नव्हतं म्हणू?"

सारजाबाईनं गठ्ठ्याची सुटलेली गाठ घट्ट केली. बब्रुवान वाईट माणूस नव्हता, हे सांगून ठेवते.

कचेरीत काय झालं ते मी पाहिलं नाही. परतताना तिनं हनीफला सांगितलं ते ऐकलं.

"म्या म्हनलं, भादव्यात या, पाणी असताना मोजा. डोकं कुणाला देऊ नका, ते गेलं की बेट गेलं. तर कारकून म्हणतो, पावसाळ्यात मोजणी होत न्हाय, साखळी गंजती."

"मग?"

"मग म्हणला, वैशाखात अर्ज कर बाई."

दीड महिन्यात, माघात, डोक्याचे नऊ पट्टे निघाले. त्यातले तीन बब्रुवानच्या पोरांना. पहिल्या करंजावर पहिला घाव त्यानंच घातला. सारजाबाई दारात उभी होती. त्यानं तिच्याकडं मान वळवली नाही. आठ दिवसांत राई संपली, पंधरा दिवसांत वाळा संपला, आणि डोक्यावर कुडाच्या भिंतींची नऊ घरं उभी राहिली. एका घरात तर अक्षता पडून महिनाही झाला नव्हता.

पुढच्याच भादव्यात, भर दुपारी, पूर आला. असले पूर मी कितीतरी पाहिलेत, यात विशेष काही नव्हतं. पण या वेळी फाटायला तो कशावर आपटलाच नाही. डोकं ढेपेसारखं विरघळलं. नऊ कूड गेले, मग सारजाबाईचं घर, मग विहीर, मग मधली शेतं. हनीफनं चौदा खेपा केल्या. त्याची बोटं माझ्या काठाला चिकटून बसली होती, उतरल्यावर दुसऱ्यांनी एकेक करून ती सोडवली. माणूस एकही गेलं नाही. घरं बावीस गेली.

शेवटच्या खेपेला बब्रुवान आणि सारजाबाई समोरासमोर बसली होती.

"काकू, शिव्या तरी द्या," तो म्हणाला.

"कुणाकुणाला देऊ रं? लई जण हायत."

त्या दिवशी माझं बूड खडकावर फाटलं. आता मी काठावर पडून आहे. पत्र्याचे पापुद्रे सुटतात, शेळ्या अंग घासून जातात. तक्रार नाही, कंटाळा आलाय. हनीफनं दुसरी काहील आणली आहे.

मित्रांनो, तुम्ही शिकताय, म्हणून एक सांगते. माझ्यात माणसं बसू लागली की हनीफ माझ्या काठाकडं बघायचा. काठ पाण्याच्या वर चार बोटं राहिला की हात आडवा करायचा, "बास! आता आई आली तरी न्हाय." लोक शिव्या द्यायचे, पण थांबायचे. म्हणून मी कधी बुडाले नाही. बेटापुढं असा आडवा हात कोणी केला नाही. माती किती माणसं पेलते हे मातीजवळ बसूनच कळतं. झाड तोडायच्या आधी ते कशाला धरून उभं आहे ते बघा. मोठे झालात आणि तुमच्या हातात सही आली, तर आधी चपला काढून त्या जमिनीवर चाला.

आता तुम्ही, साहेब. परवा तुमचा नवा कागद आला. जुनाच आकडा, वर आणखी सात पट्टे. सात घरची माणसं कालपासून इथं काठावर बसून आहेत. त्यांत बेंबळीकडची एक मल्लम्मा आहे, सातवा महिना लागलेली. मडक्यांच्या उतरंडीवर हात ठेवून ती सकाळपासून हनीफला विचारतेय, "भाऊ, आमचा तुकडा कुठला? बोटानं दावा की." हनीफ पाण्याकडं बघतो. कारण ती बोट दाखवा म्हणते तिथं नदी वाहतेय.

पट्ट्यावर सही त्याची नाही, साहेब. तुमची आहे. या, आणि तिला बोटानं दाखवा. कुठला तुकडा?