दाराकडे तोंड होतं

घाबरू नका, मी रिकामी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी सगळी गोष्ट या एका वाक्यावर अडली आहे. एका दिवशी मी रिकामी नव्हते, आणि त्याच दिवशी सगळ्यांनी मला रिकामी समजलं.

मी भरमार बंदूक. माझ्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, लोखंडी गजानं ठासायचे, मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. टोपी फुटते, तिची ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एका वेळी एकच. दुसरा उडवायचा तर पुन्हा पहिल्यापासून सगळा उद्योग. काडतुसाच्या नव्या बंदुका मला हसतात, हसू द्या. आता माझा मुक्काम सौंसरच्या पोलीस ठाण्यात, जप्तीचा माल ठेवायच्या मालखान्यात आहे. शेजारी दोन सायकली, एक पितळी घंटा आणि कुणाच्या तरी घरची खलबत्त्याची जोडी. माझ्या गळ्यात सुतळीनं पुठ्ठा बांधलाय, त्यावर खटल्याचा नंबर आहे. माझं नाव कुणी लिहिलेलं नाही. तसं मला नाव नव्हतंच. फक्त गुणवंता मला 'म्हातारे' म्हणायचा.

माझा जन्म मुंगेरचा. तिथून फिरत फिरत मी छिंदवाड्याच्या दुकानात आले आणि तिथून शालिकरामच्या खांद्यावर बसून सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधल्या एका टेकडीखालच्या गावात. शालिकरामची संत्र्याची बाग होती, कपाशी होती, थंडीत हरभरा. टेकडीवरून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत अख्खं वावर उकरून जायची. म्हणून पीक राखण्यासाठी सरकारनं मला परवाना दिला. मी डुकरं मारली, नाही म्हणत नाही. त्यांच्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही. मी साधुसंत नाही, बंदूक आहे.

शालिकराम मोठा शिस्तीचा माणूस. त्यानं चुलीच्या खोलीत, हात उंच केला तरच पोचेल अशा ठिकाणी, दोन सागवानी खुंट्या ठोकल्या आणि घरासाठी एक नियम करून ठेवला. बंदूक भरलेली असली की तिचं तोंड दाराकडे. कारण तिला अजून कामाला जायचंय. रिकामी असली की तोंड चुलीकडे. कारण ती आता घरची झाली. कुणी भरली, कुणी उडवली, हे विचारायची वेळच येत नसे. भिंतीकडे पाहिलं की कळायचं. नवी सून वच्छला घरात आली तेव्हा सासऱ्यानं तिला मिठाची बरणी दाखवायच्या आधी मला दाखवलं.

शालिकराम गेला. परवाना त्याच्या मुलाच्या, कवडूच्या नावावर झाला. कवडू सरळ माणूस, फक्त चार लोकांत आपलं नाव निघावं अशी त्याला फार हौस. आणि घरात आणखी एक जण होता, वच्छलेचा धाकटा भाऊ गुणवंता. आईबाप लवकर गेले म्हणून बहिणीनंच त्याला आणून सांभाळला होता. आता तो तीस वर्षांचा गडी झाला होता आणि कवडूचं अर्धं शेत तोच बघायचा.

गुणवंताबद्दल बोलायला लागले की मला थांबता येत नाही. तो माझी नळी चिंधीनं पुसायचा, खोबरेल लावायचा आणि माझ्याशी बोलायचा. "काय वं म्हातारे, आज डुक्कर येते का नाई?" त्याला रानडुकराचा आवाज इतका हुबेहूब काढता यायचा, की गावातली कुत्री शेपूट घालून पळायची. वच्छला चिडायची, "गुण्या, घरात नको करू ना तसं!" की तो मुद्दाम तिच्या मागं जाऊन पुन्हा घुरघुरायचा. मग ती लाटणं उगारायची आणि हसत सुटायची.

सन सत्त्याऐंशीचा जानेवारी महिना होता. त्या वर्षी गावात टीव्ही येऊन दोनच दिवाळ्या झाल्या होत्या. अशात मुंबईची एक कंपनी आली. तिला एक मालिका करायची होती. शहरातली चार माणसं सात दिवस जंगलात राहणार. जवळ एक सुरी, एक काडेपेटी आणि एक बंदूक. जे मिळेल ते खायचं, झऱ्याचं पाणी प्यायचं, आणि हे सगळं लोकांनी घरी बसून बघायचं. म्हणायला सात दिवस. खरं सांगायचं तर चौघं रोज संध्याकाळी जीपमध्ये बसून सौंसरच्या विश्रामगृहात जायचे, आंघोळ करायचे आणि सकाळी गालाला माती लावून परत यायचे. त्यातला एक दिलीप नावाचा, नागपूरचा कारकून. टाचणीसुद्धा जपून उचलणारा माणूस. त्याला त्यांनी शिकारी केलं होतं.

शिकारीला कायद्यानं बंदी आहे, हे कंपनीच्या मोठ्या साहेबांना माहीत होतं. म्हणून सगळा देखावाच ठरला. बंदूक रिकामी, फक्त टोपी फोडायची. थोडा धूर दिसेल, बाराचा आवाज मुंबईला गेल्यावर जोडतील. झुडपात डुक्कर आहे असं वाटावं म्हणून गुणवंतानं आत बसायचं, फांद्या हलवायच्या आणि आवाज काढायचा.

"भाऊजी, मी टीव्हीत येऊन राहिलो, पन डुक्कर म्हनून," गुणवंता हसत सुटला.

"येऊन तर राहिला ना? मंग झालं," कवडू म्हणाला. माझा परवाना त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, मला दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हे त्याला पाठ होतं. पण टीव्हीवर नाव येणार होतं.

आता तो दिवस. नीट ऐका, कारण हे माझ्याशिवाय कुणीच पाहिलेलं नाही.

आदल्या संध्याकाळी गुणवंतानं हरभरा राखायला म्हणून मला भरलं होतं. डुकरं आली नाहीत. घरी येऊन त्यानं मला खुंट्यांवर ठेवलं, तोंड दाराकडे. कवडू त्या वेळी साहेबांबरोबर सौंसरला होता. सकाळी वच्छलेनं टीव्हीवाले येणार म्हणून भिंत पांढऱ्या मातीच्या पोतेऱ्यानं सारवायला काढली. तिनं मला उतरवून खाटेवर ठेवलं आणि भिंत सुकल्यावर परत चढवलं. तोंड दाराकडे. लांब जाऊन एकदा बघितलं, पदराला हात पुसले, पुन्हा बघितलं. मग ती बाहेर मांडवातल्या चुलीवर वीस माणसांचा स्वयंपाक करायला गेली. गुणवंता त्या चौघांना घेऊन टेकडीकडे निघून गेला.

नंतर कवडू पाहुण्यांना बाग दाखवत होता तेव्हा सुधाकर नावाचा कॅमेरावाला घरात आला. त्याला शिकाऱ्याचं घर टिपायचं होतं. भला माणूस होता, चपला बाहेर काढून आला. त्यानं आधी भिंत होती तशी टिपली. मग डोकं हलवलं. दारातून ऊन येत होतं आणि माझ्या मागच्या लाकडी दस्त्यावरची पितळी पट्टी पलीकडे अंधारात राहिली होती. त्यानं सूप सरकवलं, उतरंडीवरचं मडकं फिरवलं, आणि मला उचलून उलटं ठेवलं. दस्ता दाराकडे, तोंड चुलीकडे. पितळ चमकलं. "आता बघा," तो स्वतःशीच म्हणाला. कॅमेरा चालला, आणि तो चपला घालून निघून गेला.

मी किती ओरडले असेन! पण लोखंडाला बोलता येतं ते एकदाच, आणि ते बोलणं कुणाच्या कामाचं नसतं.

तीन वाजता जीप आम्हाला न्यायला आली. कवडू घाईघाईनं आत आला, भिंतीकडे पाहिलं. तोंड चुलीकडे. "रिकामी हाये," त्यानं बाहेर ओरडून सांगितलं. गज घालून पाहिला असता तर कळलं असतं. पण त्या भिंतीनं तीस वर्षांत त्याला एकदाही फसवलं नव्हतं. वच्छलेनं मांडवातून मला जाताना पाहिलं, ते त्याच्या खांद्यावर; त्यानं रिकामी करूनच नेली असणार, असं तिला वाटलं असेल.

टेकडीखाली करवंदीचं दाट झुडूप होतं. गुणवंता आधीच आत जाऊन बसला होता, त्यानं मला पाहिलं नाही. पाहिलं असतं तर विचारलं असतं. कवडूनं टोपी बसवून मला दिलीपच्या हातात दिलं. "खरंच रिकामी आहे ना?" दिलीपनं विचारलं. त्याला एकट्यालाच मनातून भीती वाटत होती, आणि सगळे त्याला हसले. कवडू म्हणाला, "अवो साहेब, कायले भेता? घरच्या भिंतीवरून आनली, मले माहीत नाई का?"

झुडूप हललं. गुणवंता घुरघुरला. इतकं सुंदर, की मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं. दिलीपनं डोळे मिटले आणि चाप ओढला.

माझा धक्का बसून दिलीप मागं पडला. झुडूप एकदा जोरात हललं, आत काहीतरी घरघरलं आणि थांबलं. आणि टीव्हीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. गुणवंतानं मरायचा अभिनय छान केला असं त्यांना वाटलं. "वा, वा! आता बाहेर या," मोठे साहेब म्हणाले.

फक्त कवडू टाळ्या वाजवत नव्हता. त्यानं माझ्या तोंडातून निघणारा धूर पाहिला होता. एवढा धूर टोपीचा नसतो.

आज तीन वर्षं झाली. मालखान्यात भर दुपारी, हवालदार जेवायला गेला की, मला ती घुरघुर ऐकू येते. आधी हसरी, मग तुटलेली, मग टाळ्या. इतकी डुकरं मारली, त्यातलं एकही कधी परत आलं नाही. हा एकटाच येतो. तो रागावलेला नसतो, तेच मला सहन होत नाही. तो फक्त विचारतो, "काय वं म्हातारे?"

पोलिसांनी जंगलातली टेप नेली. घरातली कुणी मागितलीच नाही. भिंतीचा जुना नियम कवडूनं सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, बंदुकीला त्या दिवशी हात कुणी लावला? वच्छला म्हणाली, "म्या भिंत सारोली. म्याच काढली, म्याच लावली." संपलं. मग सुधाकरला कुणी काही विचारलं नाही. त्याला आठवतही नसेल. मडकं फिरवल्याचं कोण लक्षात ठेवतो? मालिका बंद पडली. कवडूला आणि दिलीपला पुढं कोर्टानं शिक्षा दिली, ती त्यांची एक दिवस संपेल. वच्छलेला कोर्टानं काही दिलं नाही, आणि तिचीच संपणार नाही. सख्ख्या भावाला आपण मारलं, असं ती धरून बसली आहे.

खटल्याच्या वेळी तिला शेवटचं पाहिलं. मला टेबलावर ठेवलं होतं. डाव्या हाताला कोर्टाचं दार, उजवीकडे भिंत. तिचे केस दोन वर्षांत पांढरे झाले होते. वकील म्हणाले, "बाई, ही भिंत तुमची चूल समजा, ते दार. त्या दिवशी बंदूक कशी लावली होती, ठेवून दाखवा."

तिनं मला दोन्ही हातांनी उचललं. त्या हातांनी विचार केला नाही, विचारलं नाही. त्यांनी मला सरळ ठेवलं, तोंड दाराकडे.

बघा! मी मनात म्हटलं. बघा, हात सांगतायत! कवडूनं पिंजऱ्यातून मान वर केली. वच्छला आपल्या हातांकडे बघत राहिली.

"हात तं असंच म्हनून राहिले, साहेब," ती म्हणाली. "पन तोंड दाराकडं असतं, तं ह्याइनं रिकामी म्हनून नेलीच नसती. मंग माहा गुण्या कायले जाता?"

आणि तिनं स्वतःच्या हातानं मला उलटं फिरवलं. तोंड चुलीकडे. कारकुनानं तेवढंच लिहून घेतलं.

तेव्हापासून मी इथं कोपऱ्यात उभी आहे. तोंड छताकडे, ना दार ना चूल. माझ्या अंगावर गंज चढतोय, चढू द्या. कधीतरी मला भट्टीत टाकतील, तेही बरंच होईल. पण तुम्ही शहरात राहता. कुठल्याशा कपाटात ती घरातली टेप पडली असेल. तिच्यात सुरुवातीलाच, सुधाकरनं मला उलटवायच्या आधी, नुकती सारवलेली एक पांढरी भिंत आहे. ती एकदा बघा आणि टेकडीखालच्या त्या गावी जाऊन वच्छलेला सांगा. माझं नाव नका घेऊ, माझ्या नावानं ती दार लावून घेईल. एवढंच सांगा, की बाई, तुमच्या हातांनी खरं सांगितलं होतं.