तिसऱ्याचा वाटा

आमच्या घरी तांदूळ मोजायला एक कप आहे. कान तुटलेला, म्हणून चहाच्या कामातून गेलेला. माणशी एक कप, हे माप माझ्या नवऱ्यानं घालून दिलं. कानही त्यानंच तोडला, एकदा त्याला भांडी घासायचा उत्साह आला होता तेव्हा.

मापाची गरज पडली ती सासऱ्यांमुळे. ते एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते. उभा जन्म आत माणूस बसेल एवढ्या पातेल्यांपुढे गेला. निवृत्त होऊन घरच्या चिमुकल्या पातेल्याशी गाठ पडली, तेव्हा त्यांचा हात काही केल्या आवरेना. पहिल्याच दिवशी एवढा भात शिजवला की झाकण वर उचललं गेलं. नवरा म्हणाला, "बाबा, रात्रपाळी आज आपल्याकडे जेवायला आहे का?" आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो. सासरेही हसले, पण जरा ओशाळून. मग नवऱ्यानं तो कप शोधून त्यांच्या हाती दिला.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे स्वयंपाकघर सासऱ्यांचं आणि मी त्यांच्या हाताखाली. मला ते 'मिरची' म्हणतात. का, ते वेगळं सांगायला नको. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. फिरत्या चाकावर काच धरायची आणि फ्रेमच्या मापाची करायची. जास्त घासली तर सैल बसते, कमी घासली तर फ्रेम तडकते. दिवसभर असं जीव मुठीत धरून काम केल्यावर घरी येऊन गोड बोलणं मला जमत नाही, आणि जमवायची इच्छाही नाही.

कँटीन सुटलं तरी कँटीनचे नियम सासऱ्यांनी सोडले नव्हते. एक नियम उरलेल्या अन्नाचा. "शिळं हे अन्नाचं नाव नाही, आळशी आचाऱ्याचं आहे," असं म्हणायचे. कालचं जसंच्या तसं आज पानात आलं तर तो खाणाऱ्याचा अपमान. त्याचं रूप पालटलं पाहिजे. मग भात कांदा-अंड्याबरोबर परतला जाई. डाळ आटवून, तिच्यात पीठ कालवून तव्यावर पसरली जाई. पावाच्या कडा दुधात भिजवून लालसर भाजल्या जात. नवरा घास घेऊन डोळे मिटायचा आणि हे काल काय होतं ते ओळखायचा. बहुतेक वेळा चुकायचा. मला वाटतं मुद्दामच.

दुसरा नियम माणसांचा. कारखान्यात एखादा कामगार न सांगता गैरहजर राहिला, तरी त्याचा वाटा शिजायचा. दुसऱ्या दिवशीही शिजायचा. "उद्यापासून मी जेवायला नाही," असं त्यानं स्वतः वाढायच्या खिडकीशी येऊन सांगितलं, तरच सासरे त्याला मोजणीतून काढायचे. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर नाही. "आज तो आला आणि त्याला वाटा नाही असं झालं, तर मी आचारी कसला?" असं त्यांचं म्हणणं. मुकादम यावरून त्यांच्याशी भांडायचा. पण सासरे कुणाचं ऐकतील तर शपथ.

गेल्या थंडीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि माझा नवरा गेला. बसगाड्या दुरुस्त करणारा, दणकट माणूस. दवाखान्यात गेला तो स्वतःच्या पायांनी. जिन्यात वळून मला म्हणाला, "संध्याकाळी भात जरा मऊ कर गं." मी म्हणाले, "आधी घरी तर ये." तो आला नाही.

आलेगेले पांगले त्या संध्याकाळी मी कांदा चिरत होते आणि सासरे तांदूळ काढत होते. एक कप. दोन कप. मग तिसरा. मी पाहिलं. माझी सुरी थांबली, मग पुन्हा चालू लागली. आम्ही दोघं जेवलो, म्हणजे जेवल्यासारखं केलं, आणि उरलेला वाटा त्यांनी एका वाडग्यात काढून झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे होता. मीही तीनच कप टाकले. माझा हात चुकला नव्हता. मापात माझा हात चुकत नाही.

तेव्हापासून ती घरची रीतच झाली. संध्याकाळी तिघांचं शिजायचं, सकाळी तिसऱ्याच्या वाट्याची न्याहारी व्हायची. सासऱ्यांनी त्या एका वाडग्यावर सगळी कला पणाला लावली. बटाट्याची भाजी उरली की कुस्करून, पावाचा चुरा लावून तिच्या चपट्या वड्या भाजायचे. भाज्यांचा रस्सा उरला की गाळून, आटवून त्यात भात शिजवायचे. मी दुकानात जायच्या आधी आम्ही खिडकीशी बसून ते खायचो. मी डोळे मिटून घास घ्यायची, नवऱ्यासारखी. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, मला रोज सकाळी वाटायचं की तो लवकर कामावर गेलाय आणि जाताना आमच्यासाठी काहीतरी ठेवून गेलाय. मला ते फार हवं होतं. त्या न्याहारीवाचून माझा दिवस सुरू झाला नसता.

अशात दुकानाच्या मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. दुसऱ्या गावी त्या नवं दुकान काढत होत्या. आगगाडीनं पुरता दिवस जाईल एवढं लांब. दुकान मी सांभाळायचं, काचाही मीच घासायच्या, पगार वाढणार. मागे राहायला खोली होती, पण तिच्यात एक खाट आणि एक माणूस मावेल एवढीच.

"सासऱ्यांचं काय करू?" मी विचारलं.

"त्यांचं त्यांना विचार ना," त्या म्हणाल्या. "आणि स्वतःचंही विचार. म्हातारा काही कुठे पळून जात नाही, पण तुझं वय पळतंय."

मला राग आला. खरं तर मला जायचं होतं, म्हणून राग आला. त्या घरातली प्रत्येक खुंटी मला बोचत होती. ज्या रस्त्यानं नवऱ्याबरोबर यायची त्याच रस्त्यानं रोज एकटीनं यायचा मला कंटाळा आला होता. पण गेले असते तर म्हातारा तीन कप तांदूळ टाकून एकटाच जेवायला बसला असता. दोघांचे वाटे वाडग्यात. घरी मी काहीच सांगितलं नाही. मालकीणबाईंना आज सांगते, उद्या सांगते करत राहिले.

एका संध्याकाळी घरी आले तर सासऱ्यांनी पानं मांडलेली. भात, डाळ, भोपळ्याची भाजी. आम्ही जेवलो. मी वाडगा घ्यायला उठले आणि पातेल्यात डोकावले. पातेलं रिकामं होतं. तळाला चार शितं चिकटलेली, तेवढीच.

"बाबा, उरलं नाही?"

"दोनच कप टाकले आज."

क्षणभर मला कळेचना. मग जी भडकले, विचारू नका. "कुणाला विचारून? अहो, कुणाला विचारून टाकलेत दोन कप?"

"मिरची, बस खाली."

"नाही बसत! माणसानं स्वतः सांगितल्याशिवाय तुम्ही वाटा काढत नाही ना? मुकादमाशी भांडायचात ना? मग त्यानं सांगितलं का तुम्हाला? कधी सांगितलं?"

सासऱ्यांनी हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाले, "तो काही आता खिडकीशी यायचा नाही, पोरी. मी त्याचा बाप आहे. त्याच्या वतीनं मीच सांगितलं, आणि मीच ऐकलं. दुसरं कोण ऐकणार?"

मी तोंडाला पदर लावला आणि हमसून हमसून रडले. तो गेला तेव्हाही एवढी रडले नव्हते, माणसं होती ना घरात. सासरे उठले नाहीत, समजूतही घातली नाही. त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं आणि शितं भिजत ठेवली.

सकाळी उठले तर ते ओट्यापुढे उभे. तवा तापलेला आणि त्यावर टाकायला काही नाही. आयुष्यभर शेकडो लोकांना जेवू घातलेला माणूस, पण त्याला सुचत नव्हतं काय करावं ते. शेवटी आम्ही चहाबरोबर कोरडा पाव खाल्ला. माझा नवरा थंडीत गेला असं सगळे म्हणतात. माझ्यासाठी तो त्या सकाळी गेला.

पाव चावता चावता सासरे म्हणाले, "परवा चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून तुझ्या दुकानात गेलो होतो. तू जेवायला गेली होतीस. मालकीणबाई बोलल्या माझ्याशी."

मी मान वर केली नाही.

"कँटीनमध्ये पोरांना दुसरीकडे चांगलं काम लागायचं," ते म्हणाले. "मग खिडकीशी यायची, आचारीबुवा, उद्यापासून मी नाही म्हणायची. मला कधी वाईट वाटलं नाही. त्या दिवशी मी त्यांना एक डाव जास्त वाढायचो."

"तुम्ही चला माझ्याबरोबर."

"त्या काड्यापेटीत? आणि सकाळी बागेच्या बाकावर जुने दोस्त जमतात, त्यांना शिव्या कोण देणार?" ते हसले. "माझं चाललंय तसं चालेल. एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे काय, हातचा मळ."

साफ खोटं. एका माणसाचा स्वयंपाक त्यांना कधीच आला नव्हता, तीन माणसांचासुद्धा कपाशिवाय जमत नव्हता. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी होकार कळवला. पुढे दिवस कसे गेले ते कळलं नाही. दोन कप पडत, पातेलं निपटून निघे, सकाळी पाव. मी जायची त्या सकाळी मात्र बटाट्याच्या वड्यांचा वास घरभर सुटला होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी गुपचूप भाजी जास्त केली होती आणि माझ्या नकळत झाकून ठेवली होती. न्याहारीला वाढल्या त्या वाढल्या, वर आणखी कागदात बांधून पिशवीत घातल्या. एक डाव जास्त. मी बघत राहिले. त्यांना माझ्या तोंडून ते वाक्य हवं होतं, आचारीबुवा, उद्यापासून मी नाही. हसत सांगितलं असतं तर त्यांच्या जिवाला बरं वाटलं असतं. मी वाकून पाया पडले, "येते बाबा" म्हणाले आणि जिना उतरले. ते वाक्य मी म्हटलं नाही.

गाडीत वड्या खाल्ल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, कसल्या आहेत. म्हटलं, कालच्या.

नव्या खोलीत माझ्याकडे कप नव्हता. स्टीलच्या पेल्यानं तांदूळ मोजला, एकटीपुरता, आणि बरोबर मोजला. एक शीत उरलं नाही. सकाळी तवा तापवायचं कारणच नव्हतं. मी न खाताच दुकान उघडलं आणि दिवसभर चाकाच्या आवाजात काचा घासल्या. काम चांगलं होतं. मला बरं वाटत होतं आणि बरं वाटल्याची लाजही वाटत होती.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी सासऱ्यांना फोन केला. पलीकडे काहीतरी चुरचुरत होतं.

"काय चाललंय?"

"भात परततोय," ते म्हणाले. आवाज खणखणीत होता, जरा जास्तच. "कांदा घातलाय, एक अंडं घातलंय. थोडं मिरं. तुझ्यासारखं तिखट."

"कसला भात?"

"कालचा. उरला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाबा, किती कप टाकलेत काल?"

तव्यावरचा आवाज थांबला. गॅस बंद केला असावा.

"दोन," ते म्हणाले.

"का?"

"तू सांगितलं कुठे होतंस, पोरी?" ते म्हणाले. "जाताना नुसतं येते म्हणालीस. मला काय कळणार, कधी येतेस ते."

ते थांबले. खिडकीशी उभ्या माणसाचं बोलणं ऐकायला थांबत असतील, तसे. मी ते एक वाक्य बोलले असते तर म्हातारा उद्यापासून एकच कप टाकून ताजं जेवला असता, मोकळा झाला असता. मी तोंड उघडलं. समोर माझा स्टीलचा पेला दिसत होता, आणि भिंतीला टेकवलेला कोरडा ठणठणीत तवा.

"उद्या कांदा जरा जास्त घाला," मी म्हणाले.

पलीकडे गॅस पुन्हा पेटला. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि सासरे म्हणाले, "बरं. घालतो."