श्रद्धा पूर्ण आहे?

मी झगा बोलतोय. काळा, ढगळ, गळ्याशी जांभळी पट्टी असलेला. वर्षातून एक दिवस माणसं मला अंगावर चढवतात, फोटो काढतात आणि घामेजलेला परत करतात. बाकीचे दिवस मी या धार्मिक विद्यापीठाच्या भांडारात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात लटकलेला असतो. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म इथलाच. व्याख्यानाच्या खोलीला लागून विद्यापीठाचं शिवणघर आहे, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. तिथे शिंपीकाकांनी मला शिवलं. माझी डावी बाही उजवीपेक्षा बोटभर आखूड आहे, कारण पलीकडे प्राध्यापक करुणेवर बोलत होते आणि काकांचं सगळं लक्ष तिकडे होतं. व्याख्यान सुरू झालं की त्यांचं मशीन थांबायचं. वर्गातली मुलं जांभया द्यायची आणि हा गृहस्थ भिंतीला कान लावून बसायचा.

एकोणीस वर्षांत एकोणीस पदवीधर मला घालून व्यासपीठावर गेले. एकेक नमुना होता. इथली रीत अशी, की पदवी हातात देण्याआधी कुलगुरू प्रत्येकाला विचारतात, "श्रद्धा पूर्ण आहे?" पदवीधराने म्हणायचं, "पूर्ण आहे." मग आभाराचं एक वाक्य, टाळ्या, की पुढचा.

पूर्ण म्हणे. एकाच्या परीक्षेतल्या चिठ्ठ्या माझ्या खिशात निघाल्या. एकीने जिन्यातच मैत्रिणीला विचारलं, "काय विचारतात गं? हो म्हणायचं की नाही?" एकाची आई मागच्या रांगेत डोळे पुसत होती आणि या पठ्ठ्याने आभार मानले ते सभागृहाला पंखे देणाऱ्या देणगीदाराचे. पण श्रद्धा मात्र कुणाचीच कधी तसूभर कमी भरली नाही. माणसागणिक माप बदलतं, हे मला जन्मापासून ठाऊक. त्यामुळे ते एकाच मापाचं उत्तर मला कधीच पटलं नाही.

पंचावन्नाव्या वर्षी काकांनी धर्मशास्त्राला प्रवेश घेतला. शिंप्याला हे नसते उद्योग कशाला, असं सगळे म्हणाले. खरं सांगतो, मीही म्हणालो. बारीक टाके घालून काकांची नजर अधू झालेली, म्हणून काकू पुस्तक वाचून दाखवायच्या. मी शिवणघरात दुरुस्तीला आलो की पाहायचो, दुपारी डबा घेऊन आल्या की त्या लगेच प्रश्न विचारायला सुरुवात करायच्या.

"चुकलात. परत सांगा."

"अगं, घास तर गिळू दे."

शेवटच्या परीक्षेला दोन महिने राहिले असताना काकू गेल्या. काका परीक्षेला बसले आणि पासही झाले.

पदवीदानाच्या दिवशी भांडारपाल त्यांना नवा झगा देत होता. काकांनी मला मागून घेतलं. "हाच द्या. याची बाही मीच बिघडवलीय." सभागृहाच्या दाराशी लेक माझी पट्टी सारखी करत म्हणाली, "बाबा, आईच्या फोटोशेजारी खिळा ठोकून आलेय. पदवी तिथेच लावायची, ती म्हणायची तशी."

काका व्यासपीठावर गेले. कुलगुरूंनी विचारलं, "श्रद्धा पूर्ण आहे?"

आणि काका विचार करायला लागले. एवढीच त्यांची चूक. एकोणीस वर्षांत त्या प्रश्नावर कुणी विचार केला नव्हता, विचारणाऱ्यानेसुद्धा नाही.

"नाही साहेब," ते म्हणाले. "होती. बायको गेली तेव्हा उसवली. आता निम्मी जोडून झालीय. आभार मात्र पूर्ण आहेत, इथल्या प्रत्येकाचे."

कुलगुरू पुढे वाकून कुजबुजले, "अहो, नुसतं हो म्हणा."

"कुणाला सांगू? ज्याला सांगायचं त्याला माहीत आहे."

कुलगुरूंनी पदवीची गुंडाळी टेबलावर परत ठेवली. हे नियमात बसत नाही, पुढच्या वर्षी या, असं सचिवांनी सांगितलं. देवाचं नाव भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं, आणि त्याच्याखाली बसून ही माणसं नियम सांगत होती. काकांनी हात जोडले आणि ते खाली उतरले. पुढचा मुलगा "पूर्ण आहे" असं ओरडलाच, आणि त्याला टाळ्याही जास्त पडल्या.

"बाबा, एकच तर शब्द होता," लेक बाहेर म्हणाली.

"तोच जड गेला गं."

मला त्या कुलगुरूंचा राग आला. काकांचा त्याहून जास्त आला. घरी जाण्याआधी त्यांनी माझं उसवलेलं अस्तर शिवून मला भांडारात दिलं, म्हणजे बघा.

उद्या पुन्हा पदवीदान आहे. यादीत काकांचं नाव आहे. आयुष्यभर खोटं बोलणाऱ्यांना मी नाकं मुरडली, आणि आज माझं एकच मागणं आहे. काका, उद्या हो म्हणून टाका. लेकीसाठी म्हणा, काकूंसाठी म्हणा. तुमच्या खोट्याला मी हसणार नाही.

पण आज सकाळी मला इस्त्री करताना ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. बाहीवरून इस्त्री फिरली तेव्हा मला नीट ऐकू आलं.

"पाऊण," ते म्हणत होते. "अजून पाऊणच झालीय."