बंद स्विचचा झटका

जुन्या मोटारसायकलच्या वायरींचा अख्खा गुंता अक्काने अंगणात ओतला, तेव्हा भावजय दारातूनच ओरडली, "अगबाई! कुणाची आतडी काढलीत?"

"आतडी कसली, नखरे आहेत नुसते," अक्का हातातलं कटर न थांबवता म्हणाली. "पुढच्या दिव्याचा नखरा, मागच्या दिव्याचा नखरा, वळताना डोळे मिचकावायचा नखरा. आणि हा हॉर्न बघ. मधमाश्यांना हॉर्न देत जाऊ का मी?"

सगळा खटाटोप मधमाश्यांसाठीच होता, म्हणून आधी ते सांगून टाकतो. घरामागच्या टेकाडाच्या माथ्यावर अक्काच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. अक्का लोकांच्या घरांचं वायरिंग करून पोट भरायची आणि जीव लावायची तो या पेट्यांना. कुणी चेष्टेने विचारलं, की संसार का नाही केला, तर टेकाडाकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "तो काय, केलाय की. खाणारी तोंडं मोजून दाखव." मग एका नव्या घरात छताला वायर ओढताना शिडी सरकली आणि खुबा मोडला. हाड जुळलं, पण पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. हातात काठी आली आणि काठीच्या मागोमाग धाकट्या भावाची काळजी आली. दोघींत काठी बरी, ती निदान गप्प तरी असते.

धाकटा वेल्डर. त्या दिवशी त्याच घरात तो खिडक्यांच्या जाळ्या बसवत होता. शिडीखाली पडलेल्या अक्काला पहिल्यांदा पाहिलं ते त्याने. तेव्हापासून ती साधी उंबऱ्यापाशी गेली तरी त्याच्या काळजात धस्स व्हायचं. टेकाडाची वाट दगडाधोंड्यांची, गाडी जात नाही. एकदा त्याने तिला हातगाडीत बसवून वर ढकलत नेलं. "मी काय सिमेंटचं पोतं आहे?" असं म्हणून ती पुन्हा म्हणून त्या हातगाडीत बसली नाही. मग पेट्या बघायला तो एकटा गेला आणि उशीएवढं तोंड घेऊन खाली आला. त्यानंतर तो पेट्यांकडे अंगणातूनच बघायचा, तेही घाबरत घाबरत.

शेवटी त्याने परस्पर ठरवून टाकलं, की पेट्या मधवाल्याला देऊन टाकायच्या. मधवाला शुक्रवारी सकाळी माणसं घेऊन येणार होता.

अक्काने हे ऐकलं आणि आदळआपट केली नाही, याचीच धाकट्याला जास्त धास्ती वाटली. ती एवढंच म्हणाली, "तो माथ्यावर यायच्या आत मी माझी मी वर पोचले, तर पेट्या राहतील. बोल."

"पोचणार कशी?"

"ते तू सांग. वेल्डर तू आहेस."

शब्दात अडकला बिचारा. त्याने पाइप कापले, सांगाडा जोडला, त्याला जाड चाकं लावली, वर कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेली एक जुनी खुर्ची बसवली आणि मागे आपल्या तरुणपणीच्या मोटारसायकलचं इंजिन चढवलं. याच मोटारसायकलवर बसून तो मुलगी बघायला गेला होता, नकार सांगायचा ठरवून. परतताना ती वाटेत बंद पडली, मुलीनेच ढकलून चालू करून दिली आणि हा होकार देऊन मोकळा झाला. भावजय अजून म्हणते, की त्या दिवशी ढकलली नसती तर सुखात असते. पाय मारून इंजिन चालू करणं अक्काला जमणार नाही, म्हणून धाकट्याने किकच्या जागी हाताने ओढायचा लांब दांडा लावला. गिअरही हाताशी आणला. काम त्याने मन लावून केलं, यात खोट नाही. फक्त मनातल्या मनात तो एकच इच्छा धरून होता, की हे चालू होऊ नये.

वायरिंगला मात्र अक्काने त्याला हात लावू दिला नाही. "वेल्डरला वायर म्हणजे अंगठ्याएवढी जाड लागते," ती म्हणाली. आणि काय सुटसुटीत वायरिंग केलं तिने! बॅटरी नाही, दिवे नाहीत. या इंजिनाचं चुंबकाचं चाक फिरलं, की इंजिन आपली वीज आपणच तयार करतं. ती वीज कॉईलमध्ये जाते, कॉईलमधून प्लगला जाते आणि प्लगवर ठिणगी पडते. कॉईल सांगाड्याला जिथे पक्की करायची तिथला निळा रंग तिने खरवडून काढला, तेव्हा धाकटा कळवळला. दोन हात मारले होते त्याने रंगाचे. "लोखंडाला लोखंड भेटू दे, रंगाला काय चाटायचंय?" अक्काने त्याला गप्प केलं.

आता उरली एकच वायर. ती मोटारसायकलच्या चावीकडे गेलेली होती. अक्काने विचार केला, की चावी म्हणजे स्विच, आणि स्विचमधून वाट पुरी झाल्याशिवाय वीज कुठे जाणार? सगळी हयात तिने हेच केलं होतं. तिने दिव्याचा एक साधा स्विच घेतला, ती वायर त्यातून नेली आणि सांगाड्याला जोडून टाकली. वरच्या टोकाला 'चालू' लिहिलं, खालच्या टोकाला 'बंद'. जोड इतका नीटस होता, की बघत राहावं.

गुरुवारी सकाळी अक्का खुर्चीत बसली, स्विच चालू केला आणि दांडा ओढला. इंजिन नुसतं खोकलंसुद्धा नाही. पुन्हा ओढला. मग धाकट्याने ओढला. मग भावजयीने ओढला आणि वर म्हणाली, "याला माझ्या हातचं ढकलणंच लागतं, सवयीचं आहे ते." प्लग काढून इंजिनाला टेकवून बघितला, तर ठिणगीचं नाव नाही. नवा प्लग घातला. कॉईल बदलली. चुंबकाच्या चाकाखालचे पॉइंट घासून लख्ख केले. काही बदललं, की अक्का आठवणीने स्विच चालू करायची, दांडा ओढायची, आणि इंजिन ढिम्म. आणि प्लगला हात लावण्याआधी तितक्याच आठवणीने स्विच बंद करायची. आधी स्विच बंद, मग तारेला हात, हे तिच्या हाडात मुरलेलं. शिडीने दगा दिला असेल, पण विजेने तिला कधी चटकासुद्धा दिला नव्हता.

ऊन कलू लागलं तसा तिचा खांदा भरून आला. ओढून ओढून तळहात लाल झाले. धाकटा बाजूच्या दगडावर बसला होता. त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि तसा तो पडला याची त्याला लाजही वाटत होती.

"अक्का, राहू दे आता," तो हळू आवाजात म्हणाला. "तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस."

"पुष्कळ केलं म्हणजे काय? गाडी चालली का?"

"नाही."

"मग काहीच नाही केलं."

पण अंग थकलं होतं, हे खरं. डोळ्यांत पाणी येऊ पाहत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती. पेट्या उद्या जाणार. मग आपल्या खोलीची टेकाडाकडची खिडकी उघडायची तरी कशाला? तिने मान वळवली आणि म्हणाली, "शेडमध्ये तरी लावा. उन्हात सीट तापतंय."

नवरा-बायको दोघं मागून ढकलायला लागले. शेडकडे अंगण जरा उताराचं. प्लग काढलेलाच होता, टोपीसकट वायरीला लोंबकळत होता. तो आपटून फुटू नये म्हणून अक्काने सवयीने आधी स्विच बंद आहे ना ते पाहिलं, मग काठी काखेत मारली, प्लग मुठीत धरला, दुसरा हात सांगाड्याच्या पाइपवर ठेवला आणि लंगडत सोबत चालू लागली. अक्का खुर्चीतून उतरताना धक्का लागून गाडी पहिल्या गिअरमध्ये गेली आहे, हे तिघांच्याही लक्षात नव्हतं. प्लग काढलेला, म्हणून जड न जाता ढकलली जात होती. चाकं फिरली तसं इंजिनही आत फिरलं.

"आई गं!"

अक्काचा हात खांद्यापर्यंत झणाणला. प्लग सुटला, काठी सुटली आणि ती पाइपला धरून कशीबशी उभी राहिली. धाकटा पांढराफटक पडला. "बघ! हेच म्हणत होतो मी! पुरे झालं आता, उद्या पेट्या—"

"थांब," अक्का म्हणाली.

तिने हात झटकला. मग स्विचकडे पाहिलं. स्विच बंद होता. ती बोट लावून पुन्हा बघायला गेली, तरी तो बंदच होता.

"बंद असताना झटका बसला मला," ती म्हणाली. आवाजात दुखल्याचं काही नव्हतं, अपमान झाल्याचं होतं. "बंद असताना!"

"अक्का, बसा आधी," भावजयीने काठी उचलून दिली.

"बसते कसली! गाडी मागे घ्या. पुन्हा ढकला."

"तू परत तो प्लग धरणार?" धाकटा किंचाळला.

"मला वेड लागलंय का? इंजिनाला टेकवून ठेवते. तू ढकल."

बंद स्विचवर ढकलली. प्लगवर निळी ठिणगी, तड तड तड. चालू स्विचवर ढकलली. काही नाही, अंधार. पुन्हा बंद. पुन्हा ठिणगी. अक्काने कपाळाला हात लावला आणि अशी हसत सुटली, की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी डोकावलं.

"अरे, सकाळपासून मीच हिचा गळा दाबून धरलाय!" ती म्हणाली. "घरातला दिवा जोडल्याशिवाय पेटत नाही. ही उलट्या काळजाची. हिची वीज आपोआप प्लगकडे जाते. ही वायर आहे ती हिला गप्प करायची. सांगाड्याला भिडवली, की सगळी वीज तिकडेच जिरते, प्लगला थेंब मिळत नाही. आणि मी प्रत्येक वेळी आठवणीने चालू करून भिडवत होते!"

"मग आता सगळं वायरिंग पुन्हा?" भावजयीने विचारलं.

"दोन स्क्रू," अक्का म्हणाली. तिने स्विच काढला, उलटा फिरवून बसवला आणि 'चालू', 'बंद' नव्याने लिहिलं. प्लग आत घट्ट केला. खुर्चीत बसली, गिअर मोकळा केला, दुखऱ्या हाताने दांडा धरला आणि ओढला. इंजिन एकदा शिंकलं. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा धडधडायला लागलं आणि अंगणात धूरच धूर झाला. भावजय टाळ्या पिटत होती. धाकट्याने हसायचा प्रयत्न केला, जमला नाही.

शुक्रवारी सकाळी मधवाला खाली हाका मारत आला, तेव्हा अक्का गाडीत बसलेली होती. धाकटा तिच्या मागे, सांगाड्यावर दाटीवाटीने.

"उतर," अक्का म्हणाली.

"मी नुसता बसतो मागे. बोलतसुद्धा नाही."

"माझी मी जाणार असं ठरलंय. उतर."

तो उतरला. गाडी दगडांवरून हेलकावे खात निघाली. पहिल्या चढावर चाक घसरलं, गाडी तिरकी झाली आणि खाली उभ्या धाकट्याने डोळे मिटून घेतले. अक्काने मिटले नाहीत. तिने इंजिनाला थोडा जोर दिला, चाकाखालचा धोंडा पार केला आणि पुढची वाट बघितली. खुब्यात कळ येत होती. येऊ दे. शिडीवरून पडल्यापासून एकही चढ ती स्वतः चढली नव्हती आणि आज ती चढत होती.

माथ्याच्या अलीकडेच तिने इंजिन बंद केलं, धडधडाटाने माश्या बिथरायला नकोत म्हणून. उरलेली वाट काठी टेकत चालली. पेट्यांची हालत बघून तिला रडूच आलं. दोन पेट्या मेल्या होत्या, आत मुंग्या झाल्या होत्या. बाकीच्यांत मात्र ये-जा चालू होती. तिने एकीचं झाकण उचललं आणि आतली ती जुनी गुणगुण कितीतरी वेळ ऐकत उभी राहिली.

मधवाला धापा टाकत वर पोचला. मागोमाग धाकटा.

"बोला," मधवाला कपाळ पुसत धाकट्याला म्हणाला, "कुठून उचलायला घेऊ?"

धाकट्याने पेट्यांकडे पाहिलं, मग अक्काकडे. "मला काय विचारता?" तो म्हणाला. "यांची मालकीण वर आलीय."

मधवाला बराच वेळ कुरकुरला आणि शेवटी माणसांना घेऊन उतरून गेला. धाकटा तिथेच उभा, जिवंत पेट्यांपासून हातभर लांब. तो उताराकडे बघत होता.

"आता काय?" अक्काने विचारलं.

"खाली उतरताना…" तो अडखळला. "अक्का, चढण्यापेक्षा उतरणं वाईट असतं गं. मी तुला शिडीखाली बघितलंय. मला पुन्हा नाही बघता येणार."

अक्काने झाकण हलकेच मिटलं. ती त्याच्याजवळ आली.

"ब्रेक कुणी बसवलेत?"

"मी."

"सांगाड्याचे सांधे कुणी जोडलेत?"

"मीच की."

"शिडी तू केलेली नव्हतीस रे," अक्का म्हणाली. "ही गाडी तू केलेली आहेस. म्हणून तर बसले मी तिच्यात."

धाकट्याने बाहीने तोंड पुसलं आणि मग, माश्यांची भीती असूनही, पुढे होऊन मेलेल्या पेट्यांतली एक उचलली.

"ही साफ करायला खाली न्यायची ना?" त्याने विचारलं. "मी घेऊन चालत येतो. तू हो पुढे."