बाथरूमची कडी

बापाने दारावरची जुनी भोकं लाकडाच्या काड्या आणि गोंद भरून बुजवली, कडी जागेवर धरली आणि पेचकस उचलला. हीच कडी त्याने गेल्या वर्षी रागाच्या भरात उपसून काढली होती. सुताराच्या घरचं बाथरूम वर्षभर बिनकडीचं, म्हणून पाहुण्यांना तो दार फुगलंय, कडी बसत नाही असं सांगायचा.

तेव्हा कारणही तसंच होतं. पोरगी जेवायची आणि लगेच आत जाऊन नळ पूर्ण सोडायची. त्या आवाजाआड ती सगळं उलटून टाकते हे कळेपर्यंत तिची नुसती हाडं उरली होती. मग कडी गेली, आणि प्रत्येक जेवणानंतर आई तिच्याशेजारी ठाण मांडून बसू लागली. हळूहळू पोरगी स्वतःहून ताटावर यायला लागली, पण चार घासांतच पोट धरायची. पोट फुगलंय म्हणायची, सकाळचं अजून खाली उतरलं नाही म्हणायची. असल्या सबबी दोघांनी आधी ढिगाने ऐकल्या होत्या. नाटकं पुरे, असं बाप भरल्या ताटावर म्हणाला होता, आणि ती रडत रडत उरलेलं गिळत राहिली होती.

काल डॉक्टरीणबाईंनी तपासण्या बघून सांगितलं की पोरगी खरं बोलते आहे. वर्षानुवर्षांच्या उपासमारीने आणि उलट्यांनी तिचं पोट मंदावलं होतं. अन्न तासन्‌तास तिथेच पडून राहायचं. मऊ आणि थोडं थोडं द्या, सुधारेल, पण वेळ लागेल, असं त्या म्हणाल्या. बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागणं त्याला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून आज तो कडी लावायला बसला होता.

शेवटचा स्क्रू पिळून झाला तेव्हा पोरगी मागे येऊन उभी राहिली. लहानपणी तीच त्याला स्क्रू निवडून द्यायची. तिने कडी सरकवून बघितली, मग डबीत उरलेल्या स्क्रूंकडे पाहिलं.

"बाबा, आखूड लावलेत."

आखूड स्क्रूंची कडी बाहेरून एका धक्क्यात निघते, हे दोघांनाही ठाऊक होतं. माफी मागायची होती, तरी त्याच्या हाताने आखूडच उचलले होते.

"हो," तो खाली बघत म्हणाला. "बदलतो."

त्याने डबीतून लांब स्क्रू काढले. तिने ते त्याच्या हातातून घेतले, परत डबीत टाकले आणि झाकण लावलं.

"राहू देत. माझा मलाच भरवसा नाही अजून."

मग पोटावर हात दाबून ती आपले चार घास खायला गेली.