वेळेआधीचा प्रश्न

जीभ घसरली म्हणून हसण्यावारी न्यावं, तर न्यायाधीशाला ती सोय नाही. आणि साहेबांची घसरली तीही कुठे! भर कोर्टात, सगळ्यांच्या देखत.

खटला साधा होता. कुलूप-किल्ल्या करणारा एक माणूस, घरफोडीचा आरोप, दीड वर्ष तुरुंगात. साक्षी संपलेल्या, सरकारी वकिलांचं बोलून झालेलं, आता आरोपीच्या वकीलबाई उठणार. तेवढ्यात साहेबांनी आरोपीला विचारलं, "शिक्षेबद्दल काही सांगायचंय?"

हा प्रश्न दोषी ठरवल्यानंतर विचारायचा असतो.

"साहेब," वकीलबाई म्हणाल्या, "मी अजून बोललेच नाहीये."

साहेबांचे कान तापले. दहा मिनिटं काम थांबवून ते आतल्या खोलीत गेले आणि पाण्याचा ग्लास नुसताच हातात धरून बसले. कधी ठरवलं आपण हे? आणि आपल्यालाच पत्ता नाही? दिवसभर एका वकिलाकडे टायपिंग करून ते सकाळच्या कॉलेजात कायदा शिकले होते. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मत बनवायचं नाही, हे पहिल्याच वर्षी घोकलेलं. त्या पेपरात वर्गात पहिले आले होते! मग सहा वर्षं आरोपींची बाजू लढवली, तेव्हा प्रत्येक आरोपी निर्दोष वाटायचा. नंतर चौदा वर्षं सरकारी वकील. तेव्हा एकही वाटेना. आता खुर्चीत बसून दोन वर्षं झाली, पण त्या खुर्चीत नेमकं कोण बसलंय, हे काही केल्या उमजेना. डोक्याचा नुसता भुगा झाला.

शेवटी बाहेर येऊन ते म्हणाले, "हा खटला मी चालवणं बरोबर नाही. वरिष्ठांना कळवतो, दुसऱ्या कोर्टात जाईल."

वकीलबाईंनी मान डोलावली. सगळं कसं नियमात बसलं. साहेबांना जरा हायसं वाटलं.

"म्हणजे मला अजून किती दिवस?" पिंजऱ्यातून कुलूपवाल्याने विचारलं.

"वर्षभर लागेल बहुतेक."

"चूक तुमची, आणि आत मी?"

"ए, गप!" पोलीस खेकसला. साहेबांनी त्याला हातानेच थांबवलं. मग एकदम म्हणाले, "तोपर्यंत याला जामीन. स्वतःच्या सहीवर. आजच सोडा."

सरकारी वकील ताडकन उठले. "साहेब, तुम्हीच दोनदा नाकारलाय! आज असं काय नवीन घडलं?"

साहेबांना ते पटलं, हीच तर पंचाईत. हे आपण न्यायाने करतोय की लाजेने, देव जाणे.

स्टेनोबाई खोळंबल्या होत्या. "कारण काय लिहू, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लिहा. न्यायाधीशाने आरोपीची बाजू ऐकण्याआधीच त्याला दोषी धरलं होतं."

बाईंची बोटं थांबली. "असंच?"

"असंच. आणि कागद इकडे द्या, सही करतो."